आमदार तरतो कशाने, पडतो कशाने?

जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ गावी अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात, हे आपल्या जिल्ह्यात लहान पोरालाही ठाऊक आहे. अठरा जातींची धान्ये, पाण्याची घागर, पापड, करंजी, पान आणि सुपारी अशी ही मांडणी असते. दुसऱ्या दिवशी पहाटे दाणे कुठे सरकले, पान-सुपारी जागची हलली का, हे पाहून पाऊसपाण्याचे, पिकापाण्याचे आणि राजाच्या गादीचेही भाकीत सांगतात. दूरदूरचे शेतकरी ते ऐकायला येतात.

राजाचे भाकीत घटात पाहावे. पण आपल्या आमदाराचे काय? तो पुन्हा निवडून येणार की घरी बसणार, हे कशावरून ठरते? पारावर विचारले तर चार जण चार उत्तरे देतात. एक म्हणतो, पैसा. दुसरा म्हणतो, जात. तिसरा म्हणतो, पक्षाची हवा. चौथा म्हणतो, ‘कामं केली असती तर कशाला पडला असता?’ चौघांच्याही बोलण्यात थोडेथोडे तथ्य आहे. तरी आपल्या बुलढाणा जिल्ह्याचा गेल्या तीन निवडणुकांचा हिशेब मांडून पाहिला, तर चित्र पुष्कळ स्पष्ट होते. मत देणाऱ्या घराला उपयोगी पडेल असे त्यात बरेच काही आहे.

वीस लढतींचा जमाखर्च

२००८ च्या पुनर्रचनेनंतर जिल्ह्यात विधानसभेचे सात मतदारसंघ आहेत. घाटाखाली मलकापूर, खामगाव आणि जळगाव जामोद, तर घाटावर बुलढाणा, चिखली, सिंदखेड राजा आणि मेहकर.

२०१४ साली सातांपैकी सहा बसते आमदार पुन्हा उभे राहिले. सिंदखेड राजाचे डॉ. राजेंद्र शिंगणे त्या वेळी रिंगणात नव्हते. सहांपैकी मलकापूरचे चैनसुख संचेती, चिखलीचे राहुल बोंद्रे, मेहकरचे संजय रायमुलकर आणि जळगाव जामोदचे डॉ. संजय कुटे हे चौघे तरले. बुलढाण्याचे विजयराज शिंदे आणि खामगावचे दिलीपकुमार सानंदा हे दोघे पडले.

२०१९ साली सातही आमदार उभे होते. त्यांतले रायमुलकर, कुटे आणि खामगावचे आकाश फुंडकर असे तिघेच परत आले. संचेती, बोंद्रे, बुलढाण्याचे हर्षवर्धन सपकाळ आणि सिंदखेड राजाचे डॉ. शशिकांत खेडेकर हे चौघे हरले.

२०२४ साली पुन्हा सातही उभे राहिले. कुटे, फुंडकर, चिखलीच्या श्वेता महाले आणि बुलढाण्याचे संजय गायकवाड हे चौघे तरले. मलकापूरचे राजेश एकडे, सिंदखेड राजाचे शिंगणे आणि मेहकरचे रायमुलकर हे तिघे पडले.

बेरीज केली तर वीस लढती होतात. त्यांत अकरा वेळा बसता आमदार जिंकला आणि नऊ वेळा हरला. म्हणजे छापा-काटा करावा तसे जवळजवळ निम्मे-निम्मे. अमेरिकेत त्यांच्या प्रतिनिधीगृहाचे जे सभासद पुन्हा उभे राहतात, त्यांतले शंभरातले नव्वद बहुतेक निवडणुकांत सहज परत येतात. तिथे खुर्चीवर बसला तो पक्का झाला. आपल्याकडे खुर्ची मिळाली म्हणजे पुढच्या वेळची हमी मिळाली असे नाही. ही गोष्ट मतदाराने नीट ध्यानात ठेवावी. पुढारी ती कधीच विसरत नाहीत.

समोर कोण आणि किती?

आमदाराने काय केले हे पाहण्याआधी त्याच्यासमोर कोण उभे आहेत, हे पाहावे लागते. २०१४ साली भाजप, शिवसेना, काँग्रेस आणि राष्ट्रवादी हे चारही पक्ष वेगवेगळे लढले. बुलढाण्यात मते चार-पाच ठिकाणी फुटली आणि काँग्रेसचे सपकाळ ४७ हजारांच्या आसपास मते घेऊन निवडून आले. राज्यात वारे काँग्रेसच्या विरोधात होते, तरी ते आले. मनसेकडून लढलेले संजय गायकवाड त्या वेळी दुसरे होते. २०१९ ला युती झाली आणि तेच गायकवाड शिवसेनेचे उमेदवार म्हणून ६७ हजारांवर मते घेऊन जिंकले. सपकाळ तिसऱ्या क्रमांकावर गेले. पाच वर्षांत सपकाळ अचानक नालायक ठरले काय? तसे म्हणता येत नाही. फाटाफुटीत मिळालेला विजय मुळातच पातळ असतो. समोरची मते एकवटली की तो टिकत नाही.

याची दुसरी बाजू २०२४ च्या लोकसभेला दिसली. सोयाबीन-कापसाच्या भावासाठी रस्त्यावर उतरणारे रविकांत तुपकर अपक्ष उभे राहिले आणि त्यांना अडीच लाखांच्या जवळपास मते पडली. शेतकऱ्यांच्या मनातली चीड खरी होती, हे त्या आकड्यावरून कळते. पण ती चीड एका जागी आली नाही. काही मते तुपकरांना गेली, काही ठाकरे गटाच्या नरेंद्र खेडेकरांना गेली. बसते खासदार प्रतापराव जाधव सुमारे २९ हजारांनी पुन्हा निवडून आले. नाराजी असली म्हणजे बसता माणूस पडतोच असे नाही. नाराजीला एकच वाट मिळाली तर तो पडतो, दोन वाटा मिळाल्या तर बहुधा तरतो.

‘बहुधा’ म्हटले, कारण सिंदखेड राजाने उलटाच दाखला दिला. १९९५ पासून पाच वेळा निवडून आलेले, मंत्रिपदे भूषवलेले शिंगणे हे तिथले जुने नेते. २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटल्यावर ते अजित पवारांकडे गेले आणि २०२४ च्या ऑक्टोबरात, निवडणूक तोंडावर असताना, शरद पवारांकडे परतले. समोर महायुतीतलेच दोन उमेदवार होते. राष्ट्रवादीचे मनोज कायंदे आणि शिवसेनेचे खेडेकर. विरोधी मते दोन जागी फुटूनही शिंगणे पाच हजारांच्या आत हरले. माणूस मोठा असला तरी मतदाराला ‘तुम्ही नेमके कोणाचे?’ असा प्रश्न पडला, की जुन्या पुण्याईलाही ओहोटी लागते.

वारे आणि मुळे

आता पक्षाच्या हवेकडे वळू. हवा असते, ती नाकारण्यात अर्थ नाही. १९८४ ते १९९९ या काळात बुलढाणा लोकसभेचा पाळणा कसा हलत होता, हे जुन्या माणसांना आठवत असेल. १९८४ ला मुकुल वासनिक जिंकले, १९८९ ला हरले, १९९१ ला जिंकले. १९९६ ला आनंदराव अडसुळांनी त्यांना हरवले, १९९८ ला वासनिकांनी अडसुळांना हरवले आणि १९९९ ला पुन्हा अडसुळांनी वासनिकांना. दिल्लीचे वारे फिरले की बुलढाण्याचा खासदार बदलायचा.

पण विधानसभेला मुळेही लागतात. २०१९ साली भाजप राज्यात १०५ जागा घेऊन पहिला आला, तरी मलकापुरात १९९५ पासून सलग पाच वेळा निवडून आलेले संचेती पडले. २०२४ साली महायुतीला राज्यात २८८ पैकी २३० जागा मिळाल्या. एवढा मोठा पूर येऊनही मेहकरात महायुतीचे तीन वेळचे आमदार रायमुलकर बुडाले. शासकीय नोकरी सोडून आलेले ठाकरे गटाचे सिद्धार्थ खरात तिथे निवडून आले. २०२२ साली शिवसेना फुटली तेव्हा रायमुलकर एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले. मेहकर हे खासदार जाधवांचे घरचे मैदान. १९९५ पासून तीन वेळा तेच तिथले आमदार होते. अशा बालेकिल्ल्यात सेना दोन झाल्या आणि जुना मतदार दोन दारांत वाटला गेला.

२०२४ च्या निकालात घाटाचा फरकही पाहण्यासारखा आहे. घाटाखाली मलकापूर, खामगाव, जळगाव जामोद या तिन्ही जागा भाजपने अठरा हजारांहून अधिक मतांनी घेतल्या. घाटावर मात्र चारही जागांचा फरक पाच हजारांच्या आत राहिला. चिखलीत श्वेता महाले ३,२०१ मतांनी तरल्या. बुलढाण्यात तर गायकवाड अवघ्या ८४१ मतांनी आले. समोर ठाकरे गटाच्या जयश्री शेळके होत्या. एकाच जिल्ह्यात, एकाच दिवशी, एकाच हवेत घाटाखाली गाडी धावली आणि घाटावर तिला धाप लागली. हवा सगळीकडे सारखी असते, पण झाडाची मुळे जागोजागी वेगळी असतात.

ते ८४१ मते म्हणजे किती, हेही समजून घ्या. राज्यात मतदान केंद्रे लाखभर होती. म्हणजे एका मतदारसंघाला सरासरी साडेतीनशेच्या आसपास केंद्रे येतात. ८४१ चे निम्मे ४२१. तेवढ्या मतदारांनी एकाला दिलेले मत दुसऱ्याला दिले असते तर निकाल फिरला असता. हे एका केंद्रामागे जेमतेम सव्वा माणूस झाले. ‘माझ्या एका मताने काय होणार?’ असे म्हणणाऱ्याने हा हिशेब भिंतीवर लिहून ठेवावा.

शेतातला भाव आणि घरातले पैसे

आपला जिल्हा सोयाबीन आणि कापसाचा. सुगीत हाती काय पडले यावर घरातले मन बनते. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि बाजारात शेतकऱ्याला त्याहून पुष्कळ कमी मिळत होते. मतदान २० नोव्हेंबरला झाले, म्हणजे सोयाबीन काढून विकण्याच्याच दिवसांत. नाराजी होती. पण त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे महिना १,५०० रुपये बायाबापड्यांच्या खात्यात येऊ लागले होते. मालक भावावर चिडलेला आणि मालकीणबाई हप्त्यावर समाधानी, अशी कितीतरी घरे होती. घरात दोन मते असतात आणि दोन्हींची किंमत सारखीच असते, हे पुढाऱ्यांना त्या वर्षी चांगलेच उमगले.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. हमीभाव केंद्र सरकार ठरवते. बाहेरून येणाऱ्या तेलावर आयातशुल्क किती लावायचे, हेही दिल्लीत ठरते. २०२४ च्या सप्टेंबरात ते वाढवले, तेही दिल्लीनेच. पाऊस कुणाच्याच हाती नाही. मग सोयाबीन पडले म्हणून मेहकरचा किंवा चिखलीचा आमदार पाडणे म्हणजे पावसाने दगा दिला म्हणून सालदाराला काढण्यासारखे आहे. मात्र हमीभावाने खरेदीची केंद्रे वेळेवर उघडली का, बारदाना आला का, पीकविम्याचे दावे तालुक्यात अडकले तेव्हा आमदाराने कृषी अधिकाऱ्याला आणि विमा कंपनीला जाब विचारला का, हे मात्र त्याच्या आवाक्यातले आहे. त्यावर त्याला जरूर तोलावे.

लग्नातला आमदार आणि सभागृहातला आमदार

गावागावांत आमदाराची परीक्षा कशी होते? लग्नाला आला का? तेरवीला येऊन बसला का? डीपी जळाली तेव्हा फोन उचलला का? पोराला दवाखान्यात खाट मिळवून दिली का? ही परीक्षा खोटी नाही. अडल्या वेळी जो फोन उचलतो तो आपला, हे गरिबाचे शहाणपण आहे. ज्या तालुक्यात सरकारी दवाखाना, वीज कंपनी आणि तहसील कचेरी आपणहून चालत नाही, तिथे आमदार हाच लोकांना वशिला वाटतो.

पण यात एक मेख आहे. अर्थशास्त्रज्ञ योगेश उप्पल यांनी २००९ साली भारतातील राज्य विधानसभांचा अभ्यास प्रसिद्ध केला. थोडक्यात जिंकलेला आणि थोडक्यात हरलेला, अशा उमेदवारांची त्यांनी तुलना केली. आपल्याकडे बसता आमदार असणे हा फायदा नसून तोटाच ठरतो, असे त्यांना आढळले. जिथे सार्वजनिक सोयी अपुऱ्या आणि गरिबी व बेकारी जास्त, तिथे हा तोटा अधिक असतो. गोष्ट सरळ आहे. मोडक्या व्यवस्थेत आमदार एका घराचे काम करतो तेव्हा दहा घरे वाट पाहत राहतात. पाच वर्षांत त्याने हजार माणसे खूश केली, तर दहा हजार माणसे ‘आमच्यासाठी काय केलं?’ असे विचारायला उभी असतात.

निधीचेही असेच आहे. २०२२ साली आमदाराचा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी रुपये झाला. आकडा मोठा वाटतो. पण मतदारसंघात दोनशे गावे धरली तर गावाच्या वाट्याला वर्षाकाठी अडीच लाख येतात. त्यात एक सभामंडप किंवा थोडा सिमेंट रस्ता होतो. त्यावर आमदाराचे नाव मोठ्या अक्षरात लिहिले जाते, आणि शेजारच्या गावाला ते रोज दिसते.

मोठी कामे या निधीत बसत नाहीत. पूर्णा नदीवरील जिगाव प्रकल्पाचे पाणी आणि बुडित गावांचे पुनर्वसन, खारपाण पट्ट्यातले गोड पाणी, खामगाव-जालना रेल्वेमार्ग हे प्रश्न कितीतरी निवडणुकांत गाजले. ते सुटतात अर्थसंकल्पात, लक्षवेधी सूचनेत, तारांकित प्रश्नात आणि मंत्रालयातल्या चिकाटीच्या पाठपुराव्यात. हे काम गावाला दिसत नाही. त्याचा फोटो निघत नाही. म्हणून त्याला मतही मिळत नाही. आणि मत मिळत नाही म्हटल्यावर ते करायचे कशाला, असे आमदाराने म्हटले तर दोष एकट्या त्याचाच का?

खरी गोम इथे आहे. आपण जे मोजतो तेच आमदार करतो. लग्ने मोजली तर तो लग्ने करील. सभामंडप मोजले तर सभामंडप बांधील. पाण्याचे प्रश्न मोजले तर पाण्यासाठी भांडेल. पेरावे तसे उगवते, हा नियम मतालाही लागू आहे.

पडणे म्हणजे संपणे नव्हे

हरलेल्यांचेही थोडे पाहू. संचेती २०१९ ला पडले आणि २०२४ ला मोठ्या फरकाने परत आले. शिंगणे २०१४ ला थांबले आणि २०१९ ला परत आले. गायकवाड २०१४ ला हरून २०१९ ला आले. सपकाळ आमदार राहिले नाहीत, पण फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष झाले. सानंदा आणि बोंद्रे यांनी २०२४ ला पुन्हा झुंज दिली, पण यश आले नाही. मतदार एकदा पाडतो म्हणजे कायमचा हाकलतो असे नाही. तो समज देतो. ती समज घेऊन जो पाच वर्षे गावोगाव फिरतो, त्याला दार पुन्हा उघडण्याची आशा असते.

उलट जळगाव जामोदला कुटे २००४ पासून सलग पाच वेळा निवडून आले. म्हणजे लोक नेमाने आमदार बदलतातच असेही नाही. बदलायचा म्हणून बदलणे आणि ठेवायचा म्हणून ठेवणे, दोन्ही आंधळेपणाच. पाहून ठेवावा आणि पाहूनच बदलावा.

घरातली एक वही

मग शेतकरी घराने करायचे काय? काम अवघड नाही. जमाखर्चाच्या वहीची मागची चार पाने राखून ठेवा. मुलामुलींना लिहायला लावा.

पहिल्या पानावर प्रचारात आमदाराने आपल्या गावाला आणि तालुक्याला काय काय शब्द दिले, ते तारखेसह लिहावे. दुसऱ्या पानावर त्याच्या निधीतून कोणत्या गावात कोणते काम, किती रुपयांचे झाले ते उतरवावे. ही माहिती जिल्हा नियोजन कार्यालयात असते. माहितीच्या अधिकाराखाली, २००५ च्या कायद्याने, दहा रुपयांचे शुल्क भरून अर्ज करता येतो. तिसऱ्या पानावर मार्चच्या अर्थसंकल्पी, पावसाळी आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात त्याने आपल्या भागाचा कोणता प्रश्न मांडला आणि सरकारने काय उत्तर दिले, ते लिहावे. चौथे पान घरच्या बायकांचे. दवाखान्यात डॉक्टर असतो का, पोरींच्या शाळेची एसटी वेळेवर येते का, नळाला पाणी किती दिवसांनी येते, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार? त्यांनीच ते लिहावे.

आमदार गावात आला की हार घालण्याआधी ही वही पुढे ठेवावी. भांडण नको, अपमान नको. ‘साहेब, एवढं झालं, एवढं राहिलं, राहिलेलं कधी होतंय?’ एवढेच विचारावे. ज्याने काम केले असेल तो मोकळेपणाने बसेल. ज्याने केले नसेल तो घड्याळ पाहील. तेही वहीत लिहून ठेवावे.

पुढची विधानसभा नियमाने २०२९ साली येईल. घाटावर चार जागांचा निकाल पाच हजारांच्या आतल्या मतांनी ठरला आहे. अशी वही गावातल्या दहा घरांत जरी असली, तरी पुढच्या प्रचारात भाषणे वेगळी होतील.